चालायला शिकलो तो हिवाळा

काल पहाटे पलंगावरून पाय खाली टाकला आणि फरशी गार लागली. अमरावतीत थंडी अशीच येते. आदल्या दिवशीपर्यंत पंखा फिरत असतो आणि एका रात्रीत कुणीतरी गावाचं दार उघडं ठेवून गेल्यासारखी ती आत शिरते. चौकात संत्र्यांच्या हातगाड्या लागल्यात. मोर्शीकडच्या संत्र्यांचे ढीग, वर हिरवी पानं तशीच ठेवलेली. शाळेच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीनंतर बराच वेळ सालींचा वास रेंगाळतो, आणि फळ्यावर लिहिताना खडूच्या वासातही तो मिसळून येतो.

त्या वासातच आमच्या शाळेतली नवी शिक्षिका स्नेहल माझ्याजवळ येऊन बसली. तिशीची पोर, डॉक्टरांनी वजनावरून रागावलेली. "मॅडम, कार्डिओ सुरू करायचं आहे. काय करू? झुंबा लावू, सायकल घेऊ, की जिममध्ये ट्रेडमिल?" मी म्हटलं, "आधी चालून बघ." तिचा चेहरा पडला. पंचपक्वान्नांची यादी मागावी आणि समोरच्यानं खिचडी म्हणावं, तसा. तिला कसं सांगू, की ही खिचडी सापडायला मला आणि माझ्या बाबांना एक अख्खा हिवाळा लागला होता!

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. एकोणतीस वर्षं त्यांनी अकोला डेपोच्या गाड्या चालवल्या. आमचं घर अकोल्यात जठारपेठेत, पण बाबा घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. मुक्कामी गाडी असली की रात्री कुठल्याशा खेड्यात, पहाटे तिथूनच परत. घरी आले की जेवायचे आणि झोपायचे. आई आम्हा भावंडांना दबक्या आवाजात म्हणायची, "हळू बोला, तुमचे बाबा झोपले." माझ्या लहानपणीचे बाबा आठवायला गेले की मला खुंटीवरचा खाकी शर्ट आणि डिझेलचा वास आठवतो. आवाज आठवत नाही.

निवृत्तीनंतर सहा-सात वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. अमरावतीच्या एका दवाखान्यात स्टेंट बसवला. दर पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं होतं. तिकडे अकोल्यात भावजय नुकतीच बाळंत झालेली, आई तिच्यात आणि बाळात अडकलेली. माझ्याकडे घर रिकामंच होतं. नवरा नोकरीनिमित्त यवतमाळला, शनिवार-रविवारी येणारा, आणि मुलगी पुण्याला होस्टेलवर. म्हणून ठरलं, की हिवाळाभर बाबांनी माझ्याकडे राहायचं.

डॉक्टर तरुण होते, हसरे. म्हणाले, "काका, औषधं मी देतो, पण अर्धं काम तुमचं. रोज असा व्यायाम पाहिजे की श्वास जरा वाढेल, अंग गरम होईल. चालणं, सायकल, पोहणं, जे आवडेल ते. दहा मिनिटांपासून सुरुवात करा, हळूहळू वाढवा." बाबांनी मान हलवली. खेड्यातल्या म्हातारीनं "गाडी आमच्या वावरापाशी थांबव बाप्पा" म्हटल्यावर ते जशी हलवत असतील तशी. होही नाही आणि नाहीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना म्हटलं, "बाबा, समोरच्या मैदानावर एक चक्कर मारून या."

"कुठी चाललो म्हनून सांगू लोकायले?"

"सांगायचं काय? फिरायला चाललो म्हणा."

"फिराले कोन जाते? ज्याले काम नाई तो."

मला हसू आलं, पण त्यांना खरंच अडचण होती. ज्या माणसानं आयुष्यात एक पाऊलही काम असल्याशिवाय उचललं नाही, त्याला नुसतं गोल फिरून जिथून निघालो तिथंच परत यायचं, हे वेडेपणाचंच वाटणार. शेवटी ते गेले, पण जाताना स्वयंपाकघरातली कापडी थैली हातात घेऊन. कुणी विचारलंच तर भाजी आणायला निघालोय असं दिसावं म्हणून! दहा मिनिटांत परत. थैली रिकामी, डावा गुडघा दुखतोय. इतकी वर्षं क्लच दाबून दाबून तो गुडघा झिजला होता. उतरताना भिंतीला हात लावत, आणि पायावर चढलेला राग चेहऱ्यावर घेऊन ते जिना उतरायचे.

मग मी माझं डोकं चालवलं. गुडघ्याला धक्का नको म्हणून शेजारच्या वैशालीताईंकडची व्यायामाची सायकल मागून आणली. गॅलरीत ठेवली, समोर तुळस आणि पलीकडे रस्ता. बाबा बसले. चार मिनिटं त्यांनी पॅडल मारलं. मग खाली उतरून चाकाकडे पाहत म्हणाले, "हे चाकं तं फिरून राहिले, पन गाव काई येऊन नाई राहिलं." आणि पुन्हा तिच्यावर बसले नाहीत.

एका रविवारी मी मोबाइलवर घरच्या घरी करायच्या व्यायामाचा व्हिडिओ लावला. त्यातली मुलगी हसत हसत हात वर करून उड्या मारत होती. बाबांना दाखवायला म्हणून मीही मारू लागले. एका मिनिटात माझा श्वास भात्यासारखा. सोफ्याचा हात धरून उभी राहिले. बाबा आधी गालात हसले, मग खो खो. "अवं बस कर, खालचे भाडेकरू वर येतीन! भूकंप झाला म्हनतीन!" त्यांना हसताना पाहून मला बरं वाटलं, आणि इतक्याशा उड्यांनी माझी ही गत व्हावी याची लाजही वाटली. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, दिवसभर वर्गात उभी असते म्हणून स्वतःला धडधाकट समजत होते.

पोहण्याचं मी बोलून पाहिलं. थंडी सरली की तलाव सुरू होतील, गुडघ्याला तर सगळ्यात सोपं. बाबा संत्रं सोलत होते. एकेक फोड वेगळी करून, तिच्यावरचे पांढरे धागे काढून ताटलीत ठेवत होते. तसंच ठेवत ठेवत म्हणाले, "पोहाले कुठी शिकतो आमी? तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात विहिरी दोन. येकीवर आमाले पानी भरू देत नव्हते, अन् दुसरीत पानीच नव्हतं." आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. ताटली माझ्याकडे सरकवून म्हणाले, "खाय. गोड हायेत." मी एक फोड तोंडात टाकली. चव्वेचाळीस वर्षांत मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं, की तुम्हाला पोहता येतं का.

आणि मग एका सकाळी बाबा आपण होऊन म्हणाले, "जाऊन येतो फिराले." थैली घेतली आणि निघाले. चाळीस मिनिटांनी परत. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. मी हरखून गेले. अकोल्याला फोन करून आईला सांगितलं, भावाला सांगितलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक टिकली चिकटवू लागले, वर्गातल्या मुलांना देतात तशी. पंधरा टिकल्या झाल्या.

सोळाव्या दिवशी दूध नासलं. मी स्कूटी घेऊन दोन चौक सोडून असलेल्या डेअरीकडे निघाले. आमच्या दस्तूरनगरच्या त्या भागात सकाळी धुकं असतं. झाडांच्या शेंड्यांवर ऊन आणि खाली अजून निळसर अंधार. वाटेतल्या बसथांब्याच्या सिमेंटच्या बाकावर एक म्हातारा मफलर गुंडाळून बसला होता. मांडीवर नीट घडी घातलेली थैली. एक बस आली तसा तो किंचित पुढे झुकला, ड्रायव्हरनं कसं वळण घेतलं ते पाहिलं आणि परत मागे टेकला. ते माझे बाबा होते. पंधराही दिवस ते तिथंच बसत असणार. चाळीस मिनिटं घड्याळात बघून काढायची, आणि घरी येऊन म्हणायचं, फिरून आलो.

मी डेअरीपर्यंत न जाता परत फिरले. कॅलेंडरसमोर उभी राहिले. एवढा राग आला होता की सगळ्या टिकल्या ओरबाडून काढाव्यात असं वाटलं. बाबा आले, चप्पल काढली, म्हणाले, "आज लय थंडी हाये." मी म्हटलं, "बाकावर बसल्यावर जास्तच लागत असेल."

ते उभेच राहिले. मग खुर्चीवर बसले. बराच वेळ थैलीची घडी उलगडत आणि घालत राहिले.

"मले भेव वाटते व, उजू," ते म्हणाले.

माझ्या बाबांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. हा माणूस चिखलदऱ्याच्या घाटात पावसाळ्यात गाडी घालायचा. समोरून ट्रक आला की लोक देवाचं नाव घ्यायचे आणि हे शांतपणे मागे घेत घेत जागा करून द्यायचे. त्यांना कसली भीती?

"त्या दिवशी अकोल्याच्या स्टँडवर गाडी चुकून राहिली होती म्हनून पळालो," ते सांगू लागले. "सारी जिंदगी लोकं माह्या गाडीमांगं पळाले. येक दिवस मी पळालो. अन् छातीत कोनं मूठ आवळल्यावानी झालं. तवापासून जरासं भरभर चाललो का आत धडधड होते. अन् धडधड झाली का मले तोच दिवस आठवते. वाटते, आता पडलो. मंग बसून जातो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू टिकल्या लावून राहिली होती ना. कसं सांगू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी आत जाऊन चहा ठेवला आणि ओट्याला टेकून थोडं रडून घेतलं. आम्ही सगळे त्यांना कोणता व्यायाम सोसेल हे शोधत होतो. गुडघा पाहिला, वय पाहिलं, हवा पाहिली. त्यांना स्वतःच्याच काळजाच्या आवाजाची भीती वाटते, हे कुणी पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मी सगळं सांगितलं. बाबा खाली मान घालून, खोटी हजेरी पकडली गेलेल्या मुलासारखे. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "असं पुष्कळांना होतं काका. एकदा हिसका बसला की माणूस छातीच्या प्रत्येक ठोक्याला दचकतो." मग त्यांनी वायर लावून, स्वतः शेजारी उभं राहून बाबांना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवलं. कागदावरच्या रेघा बघितल्या आणि म्हणाले, "हृदय तुमचं चालायला तयार आहे. आता तुम्ही तयार व्हा. मी एक साधी खूण सांगतो. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला दम पुरायला नको. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला, कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर तुम्ही नुसते रमतगमत चाललात. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं. पहिले काही दिवस सोबत कुणीतरी असू द्या."

सोबत म्हणजे मीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं निघालो. बाबांनी थैली घेतली नाही. गल्लीच्या टोकाला एक कडुनिंब आहे, तिथवर जाऊन परत यायचं, दहा मिनिटं. कुणाच्या तरी अंगणात शेकोटी धुमसत होती. एक कुत्रं उठून आमच्याकडे बघून पुन्हा झोपलं. आम्ही गुपचूप चालत होतो. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं, की बोलल्याशिवाय खूण कळणार कशी?

"बाबा, बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. डॉक्टरांनी सांगितलंय."

बाप-लेक आम्ही, आणि पहाटेच्या रस्त्यावर बोलायला विषय शोधत होतो. जेवले का, गोळी घेतली का, यापलीकडे आमच्यात भाषाच नव्हती. कडुनिंबापाशी वळताना बाबांनी घसा खाकरला आणि एकाएकी, खणखणीत नाही पण नेटक्या आवाजात म्हणाले, "अकोला. गांधीग्राम. चोहोट्टा. अकोट. हिवरखेड. तेल्हारा."

त्यांचा जुना रस्ता होता तो. मी विचारलं, "गांधीग्रामला काय होतं?"

"पूर्णेचा पूल," ते म्हणाले, आणि सुरू झाले. पुराच्या पाण्यापायी पुलाच्या अलीकडे अडकलेली गाडी. रात्रभर प्रवाशांनी एकमेकांचे डबे उघडून खाल्ले. एका म्हातारीनं सगळ्यांना ठेचा वाटला, आणि कुणाच्या तरी लग्नाचे बुंदीचे लाडू संपले म्हणून सकाळी नवरदेवाचा मामा रुसला. घर आलं तेव्हा मामा अजून रुसलेलाच होता. "बाकीचं उद्या," बाबा म्हणाले. दम लागला नव्हता. मी त्यांच्या छातीकडे बघत होते, आणि ते त्या मामाकडे.

तो आमचा रोजचा रिवाज झाला. एक आठवडा दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. रस्ता आमच्या पायाखाली अमरावतीचा आणि तोंडात तेल्हाऱ्याचा. चोहोट्ट्याच्या बाजारातल्या मिरच्या, कापसाच्या गाठी भरलेल्या बैलगाड्यांमागे तासन्‌तास रांगत चालणारी बस, गाडी उभी करून शेतातल्या तुरीच्या शेंगा तोडून आणणारा कंडक्टर. चालणारे ओळखीचे झाले. कुणी हात करायचं, कुणी "जयभीम, काका" म्हणायचं. बाबाही हात जोडून "जयभीम" म्हणायचे, आणि कुठे चाललो हे लोकांना काय सांगायचं, याची त्यांना आठवणही उरली नव्हती. गुडघ्यासाठी मऊ तळव्याचे बूट घेतले. दुकानात त्यांनी ते घालून चार पावलं टाकली आणि म्हणाले, "नवे टायर बसोल्यावानी वाटून राहिलं."

गंमत अशी, की पंधरा मिनिटांच्या पुढे बोलणं बंद पडायचं ते माझं. छत्री तलावाकडे जाताना रस्ता जरा चढतो. तिथं मी "हो", "मग?" एवढंच म्हणू शकायची, तेही तुकड्या-तुकड्यानं. एकदा बाबा थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुही गाडी तं माह्यापेक्षा जास्त गरम होऊन राहिली."

"मी नाही दमले."

"थंड्या इंजिनले रेस देत नसते, उजू. तू घरातून निंघाल्याबरोबर सुसाट निंघते. अन् घरी आल्यावर धपकन बसते. अगुदर पाच मिनिटं हळू चालजो. अंग गरम झालं का मंग वेग. अन् शेवटी पुन्हा हळू. गाडी भरधाव आनून येकदम बंद करत नसते."

पेशंट कोण आणि सोबतीला कोण, हे तिथं उलटं झालं. मुलांना मी हृदयाचे चार कप्पे फळ्यावर काढून दाखवत होते, झडपांना रंग देत होते. स्वतःचं हृदय कसं चालवायचं, ते मला गाडी चालवणाऱ्या माणसानं शिकवलं.

माघातल्या एका सकाळी बाबा तेल्हाऱ्याच्या रस्त्यावरून उतरून दुसऱ्या रस्त्यावर गेले. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती, पुढे मोर्शी. ही गाडीसुद्धा त्यांनी काही वर्षं चालवली. मी म्हटलं, "याच गाडीनं मी होस्टेलला आले होते. आठवतं?"

मला ते फार आठवतं. सतरा वर्षांची होते. टपावर माझी पेटी, आणि गाडीवर ड्रायव्हर म्हणून बाबाच. मला वाटलं होतं, निदान आज तरी ते काही बोलतील. अमरावतीच्या स्टँडवर त्यांनी पेटी उतरवून दिली, "बराबर राहजो" म्हणाले आणि गाडी घेऊन मोर्शीला निघून गेले. ड्युटी होती म्हणून आले, ड्युटी होती म्हणून गेले. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, पण पुढे कितीतरी वर्षं जपून ठेवली होती, दुखरा दात जिभेनं चाचपावा तशी.

"ड्युटी नव्हती माही त्या दिवशी," बाबा म्हणाले. "सुटी होती. दुसऱ्या ड्रायव्हरले हातपाय जोडून बदलून घेतली. म्हटलं, पोरगी पयल्यांदा घराबाहेर चालली, गाडी आपल्याच हातात असलेली बरी."

मी चालायची थांबले नाही. थांबले असते तर रडले असते.

"आरशात तूच दिसत होती. मूर्तिजापूर येतपर्यंत रडत होती. मंग झोपली. बडनेऱ्यापासून मी गाडी हळू केली. कंडक्टर म्हने, काहून? म्हटलं, क्लच पकडून राहिला."

"क्लच खराब होता?"

"नाई व. तुले उशिरा पोचवाचं होतं."

सत्तावीस वर्षांनी मला कळलं, की त्या दिवशी बस उशिरा पोचली होती. बाबा पुढे चालत होते, त्याच वेगात, श्वास नीट, शब्द नीट. मला मात्र डॉक्टरांच्या खुणेप्रमाणे एक अक्षर बोलता येत नव्हतं, आणि त्याचा चढाशी काही संबंध नव्हता.

हिवाळा सरायला आला तेव्हा आम्ही छत्री तलावापर्यंत पोचलो. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं, खरी. पाण्यावर वाफ होती, पलीकडे पोहऱ्याची टेकडी काळपट हिरवी. शेवटच्या चढाला बाबा जरा भरभर चालले, आणि वर आल्यावर त्यांनी छातीवर तळवा ठेवला. मी पटकन त्यांच्याजवळ गेले.

"काय झालं? दुखतंय?"

"दुखत नाई. धडधडून राहिलं." तळवा तसाच ठेवून ते ऐकत उभे राहिले. कितीतरी वेळ. त्यांच्या चेहऱ्यावर मी भीती शोधत होते, ती सापडली नाही. मग ते म्हणाले, "इंजिन चालू असलं तं आवाज येनारच." आणि तलावाच्या कठड्याकडेनं हळूहळू फेऱ्या मारू लागले, श्वास खाली येईपर्यंत.

फाल्गुनात बाबा अकोल्याला गेले. पळस फुलला होता, आणि सकाळीसुद्धा मफलर नकोसा व्हायला लागला होता. ते गेल्यावर दोन दिवस मी चालायला गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. एकटीनं चालताना वेग मोजायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःशीच पुटपुटत गेले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्याला गेले. वऱ्हाडातला मे महिना. सकाळी आठनंतर घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. बाबा साडेपाचला उठून बूट घालत होते. आई तेव्हाच उठून गॅसपाशी उभी, हातात कणकेची परात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिची सकाळ तिथंच झाली.

बाबा दारातून म्हणाले, "सुमन, चाल."

"कुठी?"

"फिराले."

"मले काय झालं फिराले? माहा व्यायाम घरातच होते. दिसभर चालूनच रायते मी."

"घरातलं चालनं म्हनजे पाच पावलं चाललं का थांबा. लाल डब्बा हाये तो, हात केला का उभा. आता जरा एक्सप्रेसनं चाल."

आई हसली, पण हात कणकेतच. "अन् पोळ्या? पोरगी आली, पोरं उठतीन. त्यायले काय देऊ?"

"होईन उशीर," बाबा म्हणाले. "येकडाव पोळ्याले उशीर झाल्यानं कोनी मरत नाई. मी विचारलं डाक्टरले. न चालल्यानं मरतात म्हने."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातली परात घेतली. तिनं हात धुतले, पदर नीट केला, चपला घातल्या, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहू नये अशा बेतानं पायऱ्या उतरली.

मी दारात उभी राहून पाहू लागले. गल्लीत अजून ऊन नव्हतं. बाबा पुढे, आई दोन पावलं मागे. लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना, विहारात जाताना, ती नेहमी अशीच चालत आली होती. थोडं गेल्यावर बाबांच्या लक्षात आलं, की शेजारी कुणी नाही. ते थांबले, ती बरोबरीला येईल म्हणून. पण ते थांबले म्हणून तीही थांबली. ते दोन पावलं चालले, तीही दोन पावलं चालली. पुन्हा थांबले, पुन्हा ती थांबली. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

शेवटी बाबा वळले. तेवढी दोन पावलं मागे आले आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. मग दोघंही एकदम निघाली. आई चालता चालता हात हलवून बोलू लागली. काय सांगत होती कोण जाणे, पण बाबा मान तिच्याकडे कलती करून ऐकत होते, आणि आपला वेग तिच्या चपलांच्या मापानं कमी करत होते.

गल्लीच्या वळणावर दोघं दिसेनाशी झाली. मी आत आले, कणीक तिंबली, तवा ठेवला. घड्याळात सहा वाजायला आले होते, आणि त्या घरात पहिल्यांदाच माझ्या हातची पोळी आईच्या पोळीआधी फुगली.